बर्फाचा आकडा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी एसटीच्या एका ड्रायव्हरकडे बोट दाखवीन. ते आमच्या गल्लीत राहत. नात्याचे नव्हेत. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, मीही काकाच म्हणत आलो आणि इथेही तेवढंच पुरे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील बाजारात हमाली करायचे. जिल्ह्याच्या गावी इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, फी माफ झाली, राहायला खोलीही मिळाली. प्रश्न जेवणाचा होता. आमच्याकडे शिकायला गेलेल्या मुलांचे डबे सकाळच्या पहिल्या एसटीने जातात. कापडी पिशवीवर नाव लिहायचं आणि गाडीत ठेवायचं, मुलगा तिकडे स्टँडवर वाट बघत उभा असतो. हे डबे मागच्या सीटखाली ढकलले जात आणि घाट उतरेपर्यंत निम्मी आमटी पिशवीत आलेली असे. माझा डबा चार वर्षांत एकदाही सांडला नाही. काका तो आपल्या सीटमागे टॉवेलात गुंडाळून उभा ठेवायचे. "डबा सांडला म्हणजे वळण चुकलं," असं ते म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी आईला कावीळ झाली. मला कुणी कळवलं नाही, कारण परीक्षा होती. डबा रोज येतच होता. भाकरी जरा जाड असायची, एवढंच. सुट्टीत घरी गेलो तेव्हा कळलं की दोन महिने डबा काकूंनी केला होता. काकू पहाटे उठून डबा भरायच्या आणि काका तो गाडीतून आणायचे. मी आभार मानायला गेलो तर काका म्हणाले, "पास झालास नव्हं? मग आता गाडी शीक."

आणि शिकवली. रविवारी, त्यांच्या मेहुण्याच्या जीपवर, घाटात. त्यांचं शिकवणं थोडक्यात असायचं. "घाटात गाडी ब्रेकनं थांबवायची नसते, गिअरनं सांभाळायची असते. ब्रेक दाबावा लागला म्हणजे मागं कुठंतरी चुकलंय. ते कुठं, ते घरी जाऊन आठवायचं." ते स्वतः तसं करायचे. ड्यूटी संपवून ओट्यावर बसले, की डोळे मिटून सगळा रस्ता परत एकदा चालवायचे. काकू चहा घेऊन आल्या तरी म्हणायचे, "थांब, अजून खिंडीत हाय."

ते निवृत्त झाले तेव्हा बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झालेला नव्हता. त्याबद्दल त्यांना एक बिल्ला मिळाला होता. तो ते रोज लावत नसत. लग्नात, सत्काराला आणि पंधरा ऑगस्टला लावत. निवृत्तीनंतर वाड्यावस्त्यांवरच्या पोरांना शाळेत आणणारी जीप ते चालवू लागले. तोच घाट, वीस पोरं.

मी तोवर सिंगापूरला आलो होतो. सेंगकांगला भाड्याचा फ्लॅट, बायको आणि पहिलीतली मुलगी. ऑफिस क्वीन्सटाउनला, अलेक्झांड्राच्या बाजूला. आमची कंपनी ड्रायव्हरांच्या प्रशिक्षणाची यंत्रं बनवायची. एका हॉलमध्ये ट्रकची खरी केबिन हलत्या चौथऱ्यावर बसवलेली होती आणि तिच्यापुढे तीन मोठे पडदे होते. ड्रायव्हर आत बसून गिअर टाकतो, पडद्यावर रस्ता धावतो, चौथरा त्याप्रमाणे कलतो. माझं काम रस्त्याचं होतं. टायर रस्त्याला किती धरून राहील हे एका आकड्याने ठरतं. कोरड्या डांबराचा एक आकडा, पावसाचा एक, बर्फाचा एक. तो आकडा माझ्या हातात होता.

त्या वर्षी एक नवं काम येणार होतं. जपानच्या उत्तरेकडच्या एका मालवाहतूक कंपनीला आपल्या नव्या ड्रायव्हरांना बर्फात गाडी चालवायला शिकवायचं होतं. आमच्या टीममधल्या कुणीही बर्फ पाहिलेला नव्हता. बाहेर बारा महिने घाम, आत एसीत आम्ही बर्फावर वाचत बसायचो. वेग निम्मा ठेवा. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेवा. ब्रेक अलगद. स्टिअरिंगला हिसका नको. पुलावर आणि सावलीत रस्ता आधी गोठतो. पारदर्शक बर्फ दिसत नाही, ओल्या डांबरासारखा वाटतो. हे वाचताना मला सारखं वाटायचं की हे मी आधी ऐकलंय. बर्फ शब्द काढला की ते काकांचंच बोलणं होतं.

हे मी एकदा आमच्या मॅनेजरसमोर बोलून बसलो. तो पुण्याचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बोलण्यात हुशार. पहिल्याच आठवड्यात मी तालुक्याच्या शाळेतला आहे हे कळल्यापासून तो मला "तालुका" म्हणायचा.

"तालुका, तुझे ते काका किती वर्षं विनाअपघात म्हणालास?"

"बत्तीस. पुढच्या महिन्यात येतायत इकडे. मीच बोलावलंय दोघांना, पंधरा दिवस."

तो खुर्चीत सरळ बसला. "अरे मग गप्प काय बसलायस? आपल्याला तोच माणूस हवाय."

आमचा डेमो असा ठरलेला होता. आधी बर्फाची सवय नसलेला माणूस केबिनमध्ये बसेल आणि घसरेल. मग आमचा कोर्स केलेला माणूस त्याच रस्त्याने सुखरूप जाईल. हा दुसरा माणूस म्हणजे मॅनेजर स्वतः. पहिल्याच्या जागी अकाउंट्समधली एक मुलगी बसणार होती.

"तिला कोण विचारतं? ती मॉलच्या पार्किंगमध्येसुद्धा धडकेल," मॅनेजर म्हणाला. "पण बत्तीस वर्षं ज्याला ओरखडा नाही, तो माणूस बर्फात पडला, तर ट्रेनिंगची किंमत कळते. आणि त्यांचा सत्कार करू ना आपण! शाल, श्रीफळ, फोटो. माणूस खूश, क्लायंट खूश."

मला मनापासून आनंद झाला. ज्यांच्यामुळे मी शिकलो त्यांना माझं काम दाखवता येणार, वर माझ्या ऑफिसात त्यांचा सत्कार होणार. लिटल इंडियात जाऊन मी स्वतः शाल आणली.

काका-काकू आले. काकांना सिंगापूरच्या बागा, मॉल, उंच इमारती यांत फार रस नव्हता. ते बसमध्ये रमले. दुमजली बसमध्ये माझी मुलगी वर पळायची, काका खाली ड्रायव्हर दिसेल अशी जागा धरायचे. "हितं ड्रायव्हरला काय काम न्हाई लेका," चार दिवसांनी त्यांनी निकाल दिला. "रस्ताच गाडी चालवतोय." काकू म्हणाल्या, "मग तुमी बी एक नोकरी बघा हितं. बसून पगार." पुन्हा बसच्या खिडकीतून बाहेर बघत काका म्हणाले, "बसून पगार घेणारा ड्रायव्हरच की मी. उभ्यानं कोण चालवतंय?"

डेमो शुक्रवारी होता. गुरुवारी सकाळी मी त्यांना तालमीसाठी ऑफिसात नेलं. केबिनच्या पायरीपाशी त्यांनी चपला काढल्या, आत चढून स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. मागून आमच्यातलाच एक मराठी पोरगा म्हणाला, "सर, नारळ आणू का फोडायला?" सगळे हसले. काकाही हसले. "फोडला असता. पण तुमचं मशीन भिजंल."

मग त्यांनी मला विचारलं, "मागं माल किती?"

आजवर त्या केबिनमध्ये बसलेल्या कुणीही हे विचारलं नव्हतं. मी वजन सांगितलं. त्यांनी मान हलवली, दुसरा गिअर टाकला आणि निघाले.

तेव्हा रस्त्यावर बर्फाचा खरा आकडा होता, आम्ही पुस्तकांतून आणि मोजमापांतून नीट ठरवलेला. काका पांढऱ्या रस्त्यावरून असे गेले जसा कुणी झोपलेल्या घरातून चालत जातो. वळण येण्याच्या कितीतरी आधी गिअर खाली. पूल दिसताच वेग अजून कमी. मी विचारलं, पुलावर का हो? पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "पुलाखालनं वारा जातोय. दव पडतं त्या दिवसांत आपल्या पुलावर बी निसरडं हुतं." पुढची गाडी अचानक थांबली तेव्हा मध्ये एवढं अंतर होतं की त्यांनी ब्रेकवर पाय फक्त ठेवला. ते शेवटपर्यंत पोचले. उतरून चपला घातल्या आणि म्हणाले, "बर्फ म्हंजे हेच व्हय? मला वाटलं काय तरी येगळं असंल."

मी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. मॅनेजरने वाजवल्या नाहीत. त्याने मला पँट्रीत बोलावलं.

"हा तर पास झाला."

"हो ना! पहिल्याच खेपेला."

"तुला कळतंय का तू काय बोलतोयस? उद्या हा असाच पास झाला, तर ते विचारतील की तुमचं ट्रेनिंग कशाला? आम्ही इंडियातून म्हातारे मागवतो." त्याने कॉफीचं बटण दाबलं. "आकडा खाली आण. पाव कर."

"पाव केला तर तो बर्फच राहणार नाही. तेल ओतल्यासारखं होईल. कुणालाच चालवता येणार नाही."

"क्लायंटला आकडा दिसतो का?"

"नाही."

"मग? त्यांचं झालं की परत वर ने. माझ्या वेळेला."

मी म्हणालो की आपण अकाउंट्सच्या मुलीलाच बसवू. तो म्हणाला की पाहुण्यांना कार्यक्रमपत्रिका गेलीय, तीत बत्तीस वर्षं लिहिलंय. मग कॉफी ढवळत, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं, "तुझा इथला नोकरीचा पास कधी संपतो रे? कंपनीच वाढवते ना तो?"

"जूनमध्ये."

"हं," तो म्हणाला. आणि कप घेऊन तो बाहेर पडला.

लोक म्हणतात की अशा वेळी माणसाच्या मनात वादळ उठतं. माझ्या मनात काही उठलं नाही. मी जागेवर गेलो आणि आकडा पाव केला. एका ओळीचं काम होतं. नंतर तो परत वर नेण्यासाठी एक बटणही केलं, म्हणजे डेमोत वेळ जाणार नाही. माझं काम मी नीटनेटकं करतो, ही सवय मला शाळेने लावली आहे.

त्या संध्याकाळीसुद्धा वेळ होता. काकांना ताप आलाय असं सांगता आलं असतं. घरी आलो तर काका पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. बिल्ला टेबलावर काढून ठेवलेला, चिंच लावून घासलेला. काकू म्हणाल्या, "मला बी यायचं बघाया. बत्तीस वरसं ह्यांच्या गाडीत बसले, पण चालवताना कधी नीट बघितलं न्हाई. मागच्या सीटवर बसवायचे." मी म्हणालो, या की.

शुक्रवारी पाहुणे दोन आले. एक तरुण, सुटातला. दुसरा साठीचा, जाड बोटांचा. तो पूर्वी स्वतः ट्रक चालवायचा असं कळलं. सोबत इंग्रजीत सांगणारी एक दुभाषी बाई होती. शाळेला सुट्टी म्हणून माझी मुलगीही आली होती. काकूंना पुढच्या रांगेत खुर्ची दिली. मॅनेजरने काकांची ओळख करून दिली, बिल्ल्याकडे बोट दाखवलं. पाहुण्यांनी वाकून नमस्कार केला. काकांनी चपला काढल्या.

पहिल्या वळणावर त्यांनी कालच्यासारखाच गिअर खाली आणला. गाडी ऐकली नाही. ती आडवी झाली आणि कठड्यावर आदळली. चौथरा हिसकला, केबिनमध्ये लाल दिवा लागला. हॉलमध्ये कुणीतरी "ओहो" केलं.

"परत," काका म्हणाले.

दुसऱ्यांदा ते चालत्या माणसाच्या वेगाने निघाले. वळणापर्यंत पोचलेही. तिथे ट्रक जागच्या जागी बाजूला वाहत गेला आणि दरीत गेला. पडदा क्षणभर काळा झाला. माझी मुलगी टाळ्या वाजवत इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली, "आजोबा डाय ऑलरेडी, लाह!" या वेळी सगळेच हसले. तिला आम्ही कुणी गप्प केलं नाही.

मॅनेजर माइकवर इंग्रजीत म्हणाला की या गृहस्थांचा बत्तीस वर्षांचा अनुभव आहे आणि आपण पाहतच आहात. दुभाषी बाईने ते सांगितलं. काकांना इंग्रजी येत नव्हतं, पण बत्तीस हा आकडा त्यांना इंग्रजीत येत होता. डेपोत गाड्यांचे नंबर आणि वेळा ते आयुष्यभर इंग्रजीतच ऐकत आले होते. त्यांनी मान वळवून काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी संगणकाकडे पाहिलं.

"परत," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा ते पुलापर्यंतही गेले नाहीत. ट्रक उलटल्यावर चौथरा एका बाजूला कलून थांबला आणि काका सीटच्या पट्ट्यात लोंबकळल्यासारखे राहिले. दोघांनी जाऊन त्यांना उतरवलं. चपला घालताना त्यांचा डावा पाय चपलेत जाईना. काकू उठून गेल्या आणि खाली बसून त्यांनी ती घातली.

मी बटण दाबलं. मॅनेजर केबिनमध्ये चढला आणि पहिल्याच खेपेला सुखरूप पोचला. टाळ्या झाल्या.

मग सत्कार झाला. तो कार्यक्रमात होता, त्यामुळे टळला नाही. मॅनेजरने मी आणलेली शाल काकांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला आणि मराठीत, हसून म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. तुमचा घाट वेगळा, हे सायन्स वेगळं." काका म्हणाले, "बरोबर हाय, साहेब." फोटोत ते नारळ दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखा धरून उभे आहेत.

पाहुणे निघाले तेव्हा तो साठीचा माणूस वाट वाकडी करून काकांकडे आला. त्याने काकांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि आपल्या भाषेत काही बोलला. दुभाषी बाईने मला इंग्रजीत सांगितलं. ते म्हणतायत, या माणसाचे हात फार चांगले आहेत. रस्ता खोटा वाटतो.

"काय म्हणाले रे?" काकांनी मला विचारलं.

मॅनेजर दोन पावलांवर उभा होता. "म्हणाले, पुन्हा या," मी म्हणालो.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ते बसले नाहीत, दांडीला धरून उभे राहिले. सेंगकांग येईपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले होते. मला माहीत होतं की ते तो रस्ता परत चालवतायत. घरी आल्यावर त्यांनी शर्टावरचा बिल्ला काढला आणि माझ्या मुलीला दिला. "घे गं. तुझ्या बाहुलीला लाव." काकू म्हणाल्या, "अहो, आसं काय करताय?" ते म्हणाले, "बाहुलीचा अपघात झाला तर कुणी मरत न्हाई."

राहिलेले चार दिवस ते बसमध्ये बसले नाहीत. आम्ही चालत खालच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांकडे, जायचो, ते कॉफी घ्यायचे आणि परत वर यायचे. काम आम्हाला मिळालं. माझा पास वाढला.

दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. व्हॉट्सअॅपच्या दिवसांत पत्र. त्यात लिहिलं होतं की फोनवर हे बोलता येत नाही, काकू शेजारी असतात आणि रडतात. गावी परत आल्यापासून त्यांनी जीप लावून ठेवली होती. पोरांची सोय शाळेने दुसऱ्या एका ड्रायव्हरकडे तात्पुरती केली होती, पण तो घाटात मोबाइलवर बोलतो, म्हणून दोन पोरांच्या आयांनी येऊन काकांचे पाय धरले होते. काकांचं म्हणणं एवढंच होतं: "गुरुवारी जमले, शुक्रवारी जमले नाही. रस्ता तोच, गाडी तीच, माल तेवढाच. म्हणजे चूक माझीच झाली, पण कुठे, ते सापडत नाही. रोज चालवून बघतो. तुझ्या मशीनमध्ये सगळे उमटते असे तू बोलला होतास. तेवढे बघून लिहून पाठव. चूक कळली तर सुधारीन आणि जीप घेईन. कळली नाही तर पोरांना घेऊन घाटात जाणार नाही. तू खोटे सांगणार नाहीस."

यंत्रात खरंच सगळं उमटतं. कुठल्या क्षणी कुठला गिअर, ब्रेकवर किती दाब, स्टिअरिंग किती वळलं. मी ऑफिसात ती नोंद काढून पाहिली. तिन्ही खेपांत काकांची एकही चूक नव्हती. ब्रेक त्यांनी दाबलाच नव्हता. मॅनेजरने, जो सुखरूप पोचला, त्याने अकरा वेळा दाबला होता. काकांच्या गिअरची रेघ मी पडद्यावर बराच वेळ बघत बसलो. मी आजवर पाहिलेल्या ड्रायव्हिंगमध्ये तेवढं सुंदर काही नव्हतं.

एक ओळ पुरली असती. काका, तुमची चूक नव्हती, रस्ता मी बिघडवला होता. ती मी लिहिलीही, कच्च्या कागदावर. मग डोळ्यांपुढे आलं की ते पत्र काकू मोठ्याने वाचतायत. आई ऐकतेय. गल्ली ऐकतेय. ज्या पोराचा डबा चार वर्षं सांडू दिला नाही, त्याने काय केलं ते. काकांनी माफ केलं असतं, याची मला खात्री होती, आणि ती माफी मला नको होती. मला त्यांच्या नजरेत हुशार राहायचं होतं. म्हणून मी कच्चा कागद फाडला आणि त्यांनी मागितलं ते दिलं. चूक मागितली होती, चूक दिली.

माझं पत्र मिळाल्यावर काकांनी जीपची किल्ली शाळेत नेऊन दिली आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. आईकडून कळलं की ते माझं पत्र खिशात घेऊन डेपोत जातात, नव्या ड्रायव्हरांना बसवून वाचून दाखवतात आणि म्हणतात, "बघा, बत्तीस वर्षांत कुणाला सापडली न्हाई ती माझी चूक आमच्या पोरानं काढली." काका वारले, तोपर्यंत हे चालू होतं. पत्र घडीवर फाटलं तेव्हा त्यांनी त्याला चिकटपट्टी लावून घेतली. गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा काकूंनी ते मला परत दिलं. ते असं आहे.

ती. काकांस,

सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. आपण व काकू येऊन गेल्यापासून घर रिकामे वाटते.

आपण विचारल्याप्रमाणे मी मशीनमधली सर्व नोंद काळजीपूर्वक तपासली. काका, आपली चूक ब्रेकची झाली. तिन्ही वेळेस वळणाच्या तोंडाशी आपला पाय ब्रेकवर जोरात पडला, असे नोंदीत दिसते. आपल्या ध्यानात आले नसेल, कारण वयाप्रमाणे पायाचा अंदाज थोडा कमी होतो आणि तो स्वतःला कळत नाही. गुरुवारी आपले मन मोकळे होते म्हणून जमले. शुक्रवारी लोक पाहात होते म्हणून घाई झाली असावी. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

बर्फात गाडी चालवण्याचे नियम आपल्या माहितीसाठी लिहितो. वेग निम्म्याहून कमी ठेवावा. पुढच्या गाडीपासून खूप अंतर ठेवावे. गाडी ब्रेकने थांबवू नये, गिअरने सांभाळावी. पुलावर व सावलीत रस्ता आधी गोठतो, तिथे पोचण्याच्या आधीच वेग कमी करावा. गाडी घसरली तर घाबरून ब्रेक दाबू नये, पाय उचलून घ्यावा व जिकडे जायचे तिकडे स्टिअरिंग हलकेच धरावे. शंका वाटली तर गाडी काढूच नये, हा सर्वात मोठा नियम आहे.

जीपबद्दल आपणच ठरवावे. पण वीस मुलांचा प्रश्न आहे, तेव्हा माझे मत विचाराल तर आता आपण विश्रांती घ्यावी. आपण पुष्कळ केले आहे. आज मी जो कोणी आहे तो आपल्यामुळे आहे, हे मी येथे सर्वांना सांगतो.

काकूंना नमस्कार. बिल्ला मुलीने जपून ठेवला आहे.

आपल्या डब्यावर वाढलेला,
आपलाच

ता. क. ते जपानी पाहुणे आपले हात धरून काय म्हणाले, ते त्या दिवशी गडबडीत नीट सांगायचे राहिले. ते म्हणाले, शिकायला कधीच उशीर होत नाही.